आधी ऐकावे, मग मागावे

यरुशलेम पडून फार दिवस झाले नव्हते. बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले होते, राजाचे डोळे काढून त्याला साखळदंडांत बांधून नेले होते. मागे राहिलेल्या थोड्या माणसांवर बाबेलने जो अधिकारी नेमला, त्याचाही खून झाला. आता बाबेलचा राग आपल्यावर निघणार या धास्तीने ही माणसे मिसर देशाच्या वाटेला लागली आणि बेथलेहेमजवळ थांबली. तिथे लहानथोर सगळे यिर्मया संदेष्ट्याकडे आले. आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना कर, आम्ही कुठे जावे आणि काय करावे ते त्याला विचार, असे त्यांनी विनवले. उत्तर मनासारखे असो वा नसो, आम्ही ते पाळू, अशी शपथही घेतली. यिर्मयाने होकार दिला. त्यानंतर दहा दिवस गेले.

हे दहा दिवस बायबलमध्ये, यिर्मयाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात, स्पष्ट नोंदलेले आहेत. एकेक दिवस जिवावरचा होता. यिर्मयाचे स्वतःचे मत तर वर्षानुवर्षे जगजाहीर होते. बाबेलपुढे मान तुकवा, मिसरच्या भरवशावर राहू नका, हेच तो सांगत आला होता. तेच मत त्याच संध्याकाळी देवाच्या नावाने सांगून तो मोकळा होऊ शकला असता. अखेर जे उत्तर आले, ते त्या मताशी जुळणारेच होते: देशातच राहा, मिसरला जाऊ नका. तरीही तो थांबला. आपले मत आणि देवाचे म्हणणे एकच निघाले तरी ती दोन वेगळी आहेत, हे त्याला ठाऊक होते. लोकांनी ते उत्तर मानले नाही. तू खोटे बोलतोस असे म्हणून ते मिसरला गेले आणि म्हाताऱ्या संदेष्ट्यालाही बरोबर घेऊन गेले. पण दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्याविषयी ख्रिस्ती परंपरा पुढे जे शिकली, त्याचे मूळ मला या दहा दिवसांत दिसते.

दुसऱ्यासाठी देवापुढे उभे राहण्याला ख्रिस्ती लोक मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. सदोम नगर वाचावे म्हणून अब्राहाम पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली आला. सोन्याचे वासरू पुजणाऱ्या लोकांसाठी मोशेने देवाला गळ घातली. पकडला जाण्याच्या आदल्या घटकेला येशूने शिमोन पेत्राला सांगितले, की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी मागणे केले आहे. आजही कॅथलिक मिस्सामध्ये प्रवचनानंतर आजारी, संकटात असलेले, राज्यकर्ते, मृत अशा सर्वांसाठी प्रार्थना होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत नावे वाचली जातात, घरोघरच्या प्रार्थनासभांत विनंत्या सांगितल्या जातात, दवाखान्यातल्या खाटेपाशी पाळक हात ठेवतो. यासारखी स्वाभाविक प्रार्थना दुसरी नाही. आईला मुलासाठी काय मागावे हे कोणी शिकवावे लागत नाही.

आणि अडचण तिथेच आहे. प्रेम असले की माणसाला खात्री वाटू लागते. त्याला ही नोकरी मिळो, तिचे हे लग्न न होवो, तो दारू सोडो, ती परत येवो. प्रत्येक मागण्यात दुसऱ्याच्या आयुष्याचा एक आराखडा असतो आणि तो आखणारे आपण असतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल याबाबत विलक्षण प्रांजळ आहे. कसे आणि काय मागावे हे आपल्याला कळत नाही, आणि म्हणूनच पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे तो म्हणतो. हे लिहिणारा माणूस नवशिका नव्हता. मंडळ्यांमागून मंडळ्या उभ्या करणाऱ्या, रात्रंदिवस त्यांच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या प्रेषिताचा हा कबुलीजबाब आहे. योहानाचे पहिले पत्र त्याला दुसरी बाजू जोडते: देवाच्या इच्छेला धरून मागितले तर तो ऐकतो. मग ती इच्छा आधी विचारायला हवी, हे ओघानेच आले.

या विषयावर मला सर्वांत जास्त शिकवले ते एका आईने. उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावची मोनिका आणि तिचा मुलगा ऑगस्टिन. पुढे पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मविचारावर ज्याचा सर्वांत खोल ठसा उमटला, तो हा ऑगस्टिन तरुणपणी मानी पंथाच्या नादी लागला होता, एका स्त्रीबरोबर लग्नावाचून राहत होता आणि आईच्या श्रद्धेला हसत होता. मोनिका वर्षानुवर्षे रडून प्रार्थना करीत होती. तिने एका बिशपांना गाठले आणि माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा, म्हणून त्यांची पाठ धरली. ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले होते. त्यांनी नकार दिला. सध्या त्याला राहू द्या, फक्त प्रार्थना करा, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, असा त्यांचा सल्ला होता. मोनिकेला तो पटला नाही, ती आणखी रडली, तेव्हा थोडे वैतागूनच त्यांनी तिला धीर दिला की एवढ्या आसवांचा मुलगा वाया जाणार नाही. आध्यात्मिक मार्गदर्शनाचा हा एक साधा नमुना आहे. तिला मुलासाठी काहीतरी करायचे होते. बिशपांनी तिला करण्याकडून मागण्याकडे वळवले.

पण तिच्या प्रार्थनेची खरी कसोटी इ. स. ३८३मध्ये कार्थेजच्या बंदरावर लागली. ऑगस्टिनला रोमला जायचे होते. आईला ते नको होते. घरापासून, तिच्या नजरेपासून, तिच्या आसवांपासून दूर गेलेला मुलगा कायमचा हातचा जाईल, असे तिला वाटले. ती बंदरापर्यंत आली, तिने त्याला धरून ठेवले. एका मित्राला निरोप द्यायला थांबलोय, असे खोटे सांगून ऑगस्टिनने तिला संत सिप्रियनच्या स्मारकात रात्र काढायला लावले. ती रात्रभर एकच मागत राहिली, याचे गलबत सुटू नये. पहाटे वारा अनुकूल झाला आणि गलबत गेले. सकाळी ती किनाऱ्यावर वेड्यासारखी आक्रोश करीत होती.

रोमहून ऑगस्टिन मिलानला गेला. तिथे बिशप ॲम्ब्रोझची प्रवचने त्याने ऐकली, ३८६मध्ये त्याचे मन पालटले आणि ३८७च्या ईस्टरला ॲम्ब्रोझच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. आपल्या आत्मनिवेदनात तो त्या रात्रीकडे मागे वळून पाहतो आणि सांगतो, की देवाने आईचे त्या रात्रीचे मागणे नाकारले ते तिचे आयुष्यभराचे मागणे पुरवण्यासाठी. त्या स्मारकात ती प्रामाणिकपणे, जीव ओतून चुकीची गोष्ट मागत होती. तिच्या मागण्यात दोन मागणी एकमेकांत गुंतली होती. मुलगा देवाकडे यावा हे एक, आणि मुलगा आपल्याजवळ राहावा हे दुसरे. प्रार्थनेआधी मार्गदर्शन मागायचे ते मुख्यतः ही गुंतागुंत सोडवण्यासाठी. दुसऱ्याच्या भल्याची इच्छा आणि त्या भल्यातून आपल्याला मिळणारा दिलासा यांची गाठ इतकी घट्ट बसलेली असते की एकट्याने ती सुटत नाही.

मोनिका हे शिकली असावी, असे पुढच्या एका प्रसंगावरून वाटते. मुलापाठोपाठ तीही मिलानला आली आणि त्याचे मन पालटण्याआधी तिथे तिने त्याचे लग्न जमवायला घेतले. मुलगी पाहिली, बोलणी झाली. हे लग्न देवाच्या मनात आहे का, हे तिने प्रार्थनेत विचारायला सुरुवात केली आणि काही दर्शन व्हावे म्हणून आग्रह धरला. तिला काही काही दिसलेही. पण ते तिने मुलाला सांगितले ते बेताबेतानेच, त्यावर भार न ठेवता. कारण देवाकडून आलेले आणि आपल्याच मनाने रंगवलेले यांत एक फरक आपल्याला जाणवतो, त्याची चव वेगळी असते, शब्दांत मात्र तो सांगता येत नाही, असे ती म्हणत असे. मुलाच्या लग्नासाठी उतावीळ झालेल्या आईने आपल्याला दिसलेल्या स्वप्नांना देवाचा कौल मानायचे नाकारले, याचे मोल मला फार वाटते. ते लग्न शेवटी झालेच नाही.

मोनिकेला सांगता न आलेल्या त्या फरकाची पद्धतशीर मांडणी अकराशेहून अधिक वर्षांनी स्पेनमधल्या एका जखमी सैनिकाने केली. १५२१मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला अंथरुणावर पडून दोन प्रकारची दिवास्वप्ने पाहत असे. शौर्याची आणि सरदारी थाटाची स्वप्ने पाहताना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचे विचार केले की नंतरही मन प्रसन्न राही. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो ते पाहा, हा धडा त्याने तिथे घेतला. त्याची ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका १५४८मध्ये पोप तिसरे पॉल यांच्या संमतीने छापली गेली आणि मन पारखण्याचे तिच्यातले नियम त्याच्या जेझुइट संघाचे धर्मगुरू आजही शिकवतात. त्यांपैकी एक अट मध्यस्थीच्या दृष्टीने सर्वांत कठीण आहे. विचारायला बसण्याआधी दोन्ही उत्तरांना मन सारखेच मोकळे हवे. आजारी नवऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या बाईला हे सांगणे निष्ठुर वाटेल, आणि ते तिला तोंडावर सांगूही नये. पण जी स्वतःहून तिथवर पोचते, तिच्या प्रार्थनेतली भीती कमी झालेली असते.

इग्नेशियसच्या पहिल्या सोबत्यांपैकी पीटर फेबर जर्मनीत होता तो काळ धर्मयुद्धाच्या उंबरठ्यावरचा. त्याच्या आध्यात्मिक टिपणवहीत एक नोंद आहे. आठ माणसांसाठी प्रार्थना करण्याची ओढ आपल्याला लागली, आणि त्यांचे दोष न पाहता ती करायची, असे तो लिहितो. त्या यादीत पोप, सम्राट आणि फ्रान्सचा राजा आहेत. त्याच यादीत कॅथलिक चर्चपासून तुटलेला इंग्लंडचा राजा आहे, मार्टिन ल्यूथर आहे, त्याचा साथी मेलांक्थोन आहे, सुधारणावादी ब्युसर आहे आणि ज्याच्या फौजांनी युरोपला धडकी भरवली होती तो तुर्की सुलतान आहे. स्वतःच्या बुद्धीने यादी केली असती तर एखाद्या निष्ठावान कॅथलिक धर्मगुरूने ही नावे शत्रूंच्या रकान्यात घातली असती. २०१३मध्ये पोप फ्रान्सिस यांनी फेबरला संत म्हणून घोषित केले.

कोणासाठी मागावे हे जसे सुचते, तसे कसे मागावे हेही. त्याचा सर्वांत बोलका दाखला पंजाबातला आहे. जॉन हाइड हा अमेरिकी मिशनरी १८९२मध्ये भारतात आला. कानांना कमी ऐकू येई, भाषा जड जाई. पण प्रार्थनेसाठी तो इतका ओळखला जाऊ लागला की लोक त्याला प्रार्थना करणारा हाइड असेच म्हणत. १९०४मध्ये सियालकोट येथे सुरू झालेल्या मेळाव्यांमागे त्याच्या प्रार्थनेचे बळ होते, असे त्याचे सहकारी सांगत. एकदा तो एका भारतीय पाळकासाठी प्रार्थनेला बसला. त्या पाळकाचा उत्साह ओसरला आहे आणि त्यामुळे त्याची मंडळीही निर्जीव झाली आहे, असे हाइडला वाटत होते. देवा, हा भाऊ किती थंड झाला आहे हे तू जाणतोस, अशी सुरुवात तो करणार, तोच जणू कोणी ओठांवर बोट ठेवले. या माणसाला जो हात लावतो तो माझ्या डोळ्याच्या बुबुळाला हात लावतो, असे जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातले शब्द त्याच्या मनात उठले. हाइड हादरला. आपण भावासाठी मागायला बसलो आणि देवापुढे त्याच्यावर आरोपपत्र वाचायला निघालो होतो, हे त्याला कळले. त्याने क्षमा मागितली आणि मग या माणसात चांगले काय आहे ते मला दाखव, अशी विनंती केली. एकेक गोष्ट आठवू लागली. ख्रिस्तासाठी त्याने सर्वस्व सोडले होते, नातेवाइकांचा छळ सोसला होता, वर्षानुवर्षे कष्ट केले होते, मंडळीतली भांडणे हळुवारपणे मिटवली होती. ती सगळी प्रार्थना आभारातच गेली. त्याच सुमारास त्या पाळकामध्ये नवा जोम आला, असे हाइडला नंतर समजले.

या गोष्टीचा शेवट कोणी योगायोग मानला तरी माझी हरकत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते आधीचे. हाइडने मार्गदर्शन मागितले आणि बदलला तो आधी हाइड. ज्याच्यासाठी तासभर आभार मानले, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी तिरस्काराने पाहता येत नाही. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यानेही हेच लिहून ठेवले आहे. हिटलरच्या राजवटीत गेस्टापोने १९३७मध्ये बंद पाडलेल्या फिंकेनवाल्डे येथील धर्मविद्यालयात तो तरुण पाळकांबरोबर राहिला होता. ज्या भावासाठी आपण प्रार्थना करतो त्याचा द्वेष करणे आपल्याला शक्य राहत नाही, हा त्या सहजीवनातून त्याने काढलेला निष्कर्ष आहे.

हे मार्गदर्शन मिळते तरी कसे, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. आकाशवाणीची वाट पाहायला बायबल सांगत नाही. दानीएलच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात दानीएल यिर्मयाचे लेख वाचत बसला आहे. यरुशलेम सत्तर वर्षे ओसाड राहील, हे त्यात वाचल्यावर तो उपास करून, गोणपाट नेसून आपल्या लोकांसाठी प्रार्थनेला बसतो. त्याचे मागणे वाचनातून निघाले. ब्रिस्टलमध्ये अनाथालये चालवणारा जॉर्ज म्युलर याच वाटेने गेला. त्याने आयुष्यात दहा हजारांहून अधिक मुलांचा सांभाळ केला आणि कोणापुढे हात न पसरता फक्त देवाकडे मागितले, म्हणून त्याचे नाव झाले. सकाळी उठल्याबरोबर तो प्रार्थनेला बसे आणि बराच वेळ मन भटकत राही. १८४१पासून त्याने क्रम उलटा केला. आधी बायबलचा थोडा भाग मनन करत वाचायचा आणि त्यातून जे सुचेल ते, ज्यांच्यासाठी सुचेल त्यांच्यासाठी मागायचे. आपली तक्रार मिटली, असे त्याने नोंदले आहे. एखाद्या बाबतीत देवाची इच्छा शोधताना त्याचीही पहिली पायरी इग्नेशियसचीच होती, त्या बाबतीत स्वतःची इच्छा उरू न देणे. एक कॅथलिक, एक कट्टर प्रॉटेस्टंट, मध्ये तीन शतके, आणि पायरी तीच.

कधी मार्गदर्शन बातमीतून येते. इराणी राजाच्या दरबारी प्यालेबरदार असलेल्या नहेम्याने यरुशलेमहून आलेल्या भावाला तिकडची खबर विचारली. तट पडलेले, वेशी जळालेल्या, लोक दैन्यात. तो बसून रडला आणि किस्लेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थना करीत राहिला. त्या प्रार्थनेत लोकांच्या पापांबरोबर मी आणि माझे घराणे असे शब्द आहेत. चार महिन्यांनी त्याच्याजवळ एक योजना होती, रजेचा अर्ज होता आणि लाकडासाठी पत्र मागण्याचे धैर्य होते. त्याच्या प्रार्थनेचे उत्तर म्हणून देवाने त्यालाच पाठवले.

आपल्या केडगावी हेच घडले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा पंडिता रमाबाईंजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण आधीच्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते, त्यामुळे ती भूक त्यांना परकी नव्हती. त्यांनी देवाला विचारले आणि जाण्याचे ठरवले. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी वाचवून आणल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी तिथल्या मुलींना देशातल्या ख्रिस्ती लोकांच्या आत्मिक जागृतीसाठी रोज एकत्र प्रार्थना करायला बोलावले. आधी सत्तर जणी पुढे आल्या, जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या पुढे गेली आणि त्या महिन्याच्या अखेरीस मुक्तीमध्ये प्रसिद्ध संजीवनाला, म्हणजे आत्मिक जागृतीच्या लाटेला, सुरुवात झाली. मला त्याआधीचे सहा महिने मोलाचे वाटतात. दुष्काळातून जगून आलेल्या त्या मुली दुसऱ्यांसाठी मागायला एकत्र बसल्या होत्या, आणि कोणाला काय सुचले ते बाकीच्यांच्या कानांवर पडत होते.

आणि सर्वांत सोपा, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे ज्याच्यासाठी मागायचे त्यालाच विचारणे. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता. त्याला काय हवे हे गर्दीतल्या पोरालाही दिसत होते. तरी येशूने त्याला जवळ बोलावून विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसालाही त्याने विचारले, तुला बरे व्हायचे आहे का? याकोबाचे पत्रही आजाऱ्याला सांगते, की त्याने मंडळीच्या वडिलांना बोलावावे. बोलावणे आजाऱ्याकडून येते. वडिलांनी घुसायचे नाही.

२००६मध्ये अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात मी नेहमी आठवतो. सहा रुग्णालयांतील हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या दोन गटांना आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे माहीत नव्हते. त्यांत ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यापैकी ५१ टक्क्यांना. प्रार्थना होणार हे ज्यांना नक्की माहीत होते, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. प्रार्थना निरुपयोगी ठरली, असे अनेकांनी म्हटले. पण प्रार्थना करणाऱ्यांच्या हाती काय होते ते पाहा. रुग्णाचे पहिले नाव, आडनावाचे एक अक्षर आणि ठरवून दिलेले एक मागणे. यादी मिळाली, वाक्य म्हटले, पुढचे नाव घेतले. प्रयोगाला ते आवश्यक होते, त्याबद्दल संशोधकांना दोष नाही. मात्र यिर्मया, मोनिका किंवा हाइड जे करीत होते ते हे नव्हे. देव असा मोजणीत सापडावा अशी माझी अपेक्षाही नाही.

आता धोक्याविषयी, कारण तो खरा आहे. मार्गदर्शन मिळाले असे वाटणारा माणूस चुकू शकतो, आणि जितका मोठा प्रार्थना करणारा, तितकी त्याची चूक जास्त लोकांना भोवते. वेल्समधला खाणकामगार रीस हॉवेल्स १९०४च्या संजीवनातून पुढे आला. प्रार्थना करण्याआधी ती पवित्र आत्म्याने सोपवलेली आहे का हे शोधावे, आपल्या मनाने कोणासाठी मागू नये, ही शिकवण त्याच्याइतक्या कसोशीने फार थोड्यांनी पाळली. १९२४मध्ये त्याने स्वान्झी येथे बायबल कॉलेज काढले. १९३९मध्ये युद्धाचे ढग जमले तेव्हा युद्ध होणार नाही, असे देवाने आपल्याला दाखवले आहे, असे त्याने जाहीरपणे सांगितले. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले. हॉवेल्स प्रामाणिक होता, शहाणा होता, आणि त्याच्या कॉलेजने पुढची सगळी वर्षे युद्धासाठी प्रार्थनेत घालवली. तरीही ते भाकीत चुकले, आणि त्याचे कौतुक करणाऱ्या चरित्रांतही ही घटना आहे. ती तिथे आहे हे बरेच आहे.

म्हणून जुन्या मंडळ्यांनी पारख करण्याचे काम एकट्यावर कधी सोपवले नाही. करिंथकरांस लिहिताना पौलाने संदेश देणाऱ्यांबद्दल नियम घातला, की दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी ते पारखावे. वाळवंटातल्या संन्याशांनी मनात येणारा प्रत्येक विचार एखाद्या वडीलधाऱ्यापुढे उघड करण्याची रीत घातली. जॉन कॅसियनने चौथ्या शतकाच्या अखेरीस मिसरात जाऊन या संन्याशांशी केलेली संभाषणे पुढे लिहून काढली, त्यात एक पूर्ण संभाषण या पारखीवरच आहे. मोठमोठे उपास करणारे तपस्वी केवळ विवेक नसल्याने कसे कोसळले, याची उदाहरणे त्यात आहेत.

आपल्या मराठी मंडळ्यांत या शिकवणीची गरज मला रोज दिसते. अमक्या काकूंच्या सुनेसाठी प्रार्थना करा, घरात फार वाद आहेत, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो आणि संध्याकाळपर्यंत घरातली गोष्ट गावभर होते. त्या सुनेला कोणी विचारलेले नसते. कोणी तरुण पाळक आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून तू बरा झालास असे जाहीर करतो, आणि कुटुंब औषधे बंद करते. हे पाप आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. देवाने सांगितले असे म्हणून कोणाची गोळी, डायलिसिस किंवा केमोथेरपी थांबवण्याचा अधिकार कोणत्याही प्रार्थना करणाऱ्याला नाही. पवित्र शास्त्राशी, मंडळीतल्या जाणत्या माणसांच्या सल्ल्याशी आणि डॉक्टरांनी दिलेल्या माहितीशी न जुळणारे मार्गदर्शन बाजूला ठेवावे.

मग काहीच सुचले नाही तर? शमुवेल संदेष्ट्याने इस्राएल लोकांना सांगितले होते, की तुमच्यासाठी प्रार्थना करायचे सोडणे हे माझ्याकडून पाप ठरेल. उत्तर येईपर्यंत गप्प राहा, माणसाला वाऱ्यावर सोडा, असा अर्थ कोणी काढू नये. नाव घेऊन देवापुढे बसता येते. क्वेकर लोक त्या माणसाला शब्दांशिवाय देवाच्या प्रकाशात धरून बसतात. गेथशेमाने बागेत येशूनेही हा प्याला टळो असे आधी मागितले आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हटले. आपली इच्छा लपवायची नसते, ती शेवटची ठेवायची नसते.

तेव्हा वाचकांना एक विनंती. यापुढे कोणी तुम्हाला माझ्यासाठी प्रार्थना करा असे म्हटले, तर लगेच डोळे मिटू नका. काय मागू, असे त्यालाच विचारा. घरी आल्यावर तेच देवाला विचारा, आणि उत्तरासाठी दिवस लागले तर लागू द्या. तोवर त्या माणसाला भेटायला जा, डबा न्यायचा असेल तर न्या, आणि त्याने सांगितलेले तिसऱ्या कानाला कळू देऊ नका.